उलटे एकवीस फेरे

अप्पा, आज आमच्या मदरशाच्या, म्हणजे मुलींच्या शाळेच्या पटांगणात एक मुलगी माझ्याशी खोटं बोलली आणि मला तिला रागावता आलं नाही. तुम्ही गेल्याला दहा वर्षं झाली. मी परभणीला मुलींना शिकवते, हेही तुम्हाला ठाऊक नाही. परवा तपासणीच्या बाई येणार आहेत आणि त्यांच्यापुढं लंगडीचा सामना आहे. ही मुलगी आमच्यात सगळ्यांत चपळ, पण लंगडी घालते ती फक्त उजव्या पायानं. ती पोटरी दगडासारखी, डावी काडीसारखी, आणि सराव संपता संपता उजवा गुडघा थरथरायला लागतो. मोठ्या बाई म्हणतात, "दोन दिसांत काय व्हायलंय? जिंकू द्या की." मी रोज ठरवते की हिला सामन्यात उतरवायचं नाही, आणि रोज सरावाला उभी करते. तेवढंच मनाला बरं वाटावं म्हणून तिला सांगितलं होतं, सराव झाला की डाव्या पायानं भिंतीपर्यंत वीस खेपा घाल.

हे मी तुमच्याकडूनच शिकले. आपल्या तेलाच्या घाण्याचा बैल दिवसभर एकाच बाजूला फिरायचा. दिवस कलला की तुम्ही त्याला घाण्यातून सोडून घरामागच्या कडुलिंबाभोवती उलटे एकवीस फेरे फिरवायचात. त्या फेऱ्यांवरच मी आकडे शिकले. एकेका फेऱ्याला तुम्ही कोळशानं भिंतीवर एकेक आकडा काढायचात. शेजारचे काका कुंपणावरून हसायचे, "काय हो, उलटं फिरवून तेलाची पुन्हा करडी करायलाव का?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "महादेवालासुदिक अर्धा फेरा घालून माघारी फिरावं लागतंय. दोन्ही पायांना वाटा सारखा." मला वाटायचं, देवानं खरंच एवढ्यासाठी तसं ठरवलं असेल.

मग एकदा तुम्हाला आठ दिवस ताप येतो. घाणा आई हाकते, आणि उलटे फेरे माझ्याकडं. मी बैलाला लिंबाला बांधते, मैत्रिणींना बोलावते आणि त्याच जागेत लंगडी खेळते. नवव्या दिवशी तुम्ही काठी टेकत मागं आलात, बराच वेळ खाली पाहत राहिलात आणि विचारलंत, "किती झाले गं?" मी म्हटलं, "रोज एकवीस." तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. पंधरा दिवसांत बैलाचा डावा पाय सुजला आणि तो घाण्यातच बसला. तो पुन्हा कधी जुंपला गेला नाही. दुसरा बैल येईपर्यंत सबंध पावसाळा तुम्ही घाण्याच्या आडव्या लाकडाला स्वतःचा खांदा लावलात. पुढं तुम्ही गेल्यावर आपल्यातल्या रीतीनं तुम्हाला बसवून समाधी दिली, तेव्हा तोच खांदा काही केल्या वर येईना. कुणीतरी मागून कापडाची घडी लावली. मी ती घडी बघत होते. बैलाचं वय झालं होतं, असं आई म्हणते. मला अजून नीट माहीत नाही.

आज मी मोठ्या बाईंकडे जाऊन आले तर मुलगी धापा टाकत म्हणाली, "झाल्या बाई, वीसच्या वीस." पटांगणावर पाणी शिंपडलेलं होतं. भिंतीपर्यंत पावलांची रांग होती, आणि प्रत्येक पावलाचा अंगठा डावीकडे. सगळी उजवी पावलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, अप्पा, की लिंबाखाली तुम्हालाही हेच दिसलं असणार: एका जागी खुरांचा चिखल, आणि भोवती मैत्रिणींच्या धावत्या पावलांमधून माझं एकटं उजवं पाऊल. तुम्हाला कळलं होतं. तुम्ही मला खरं बोलायला जागा दिली होती.

मग मी तिला विचारलं, "किती झाल्या?" तिनं जमिनीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि रडवेली होऊन म्हणाली, "एकबी न्हाई, बाई." परवा ती खेळणार नाही, हे मी मोठ्या बाईंना सांगून आले. त्या माझ्यावर चिडल्या आहेत. हा कागद घडी करून माझ्या पेटीतच ठेवते. दुसरं कुठं पाठवणार? ती दहा वर्षांची आहे. तेव्हा मीही दहाचीच होते.

तुम्ही विचारलं होतंत, किती झाले. एकबी न्हाई, अप्पा.