पट्ट्याची आठ भोकं

बाबा,

आज रविवार. दुपारी कुत्र्यांच्या शेडवरून आले, हातपाय धुतले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.

आज एक नवीन मुलगी मदतीला आली. चहा पिताना तिने विचारलं, "ताई, हे कुत्र्यांचं काम सुरू कसं केलंत?" मी नेहमीची गोष्ट सांगितली. भांडुपची आपली चाळ, मी नववीत, दारातलं तांबडं पिल्लू. साठ-बासष्ट सालची गोष्ट. तेव्हा कुत्र्यांची गाडी यायची. लांब चिमटे घेऊन माणसं उतरायची आणि गळ्यात पट्टा नसलेलं कुत्रं उचलून न्यायची. म्हणून तुम्ही कारखान्यातून मशीनच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा आणून, बक्कल लावून पिल्लाच्या गळ्यात घातलात. पुढे एक दिवस तुम्हीच तो काढलात, आणि दुसऱ्या दिवशी गाडी येऊन त्याला घेऊन गेली. ती मुलगी हळूच म्हणाली, "बिचारे तुमचे बाबा. केवढी मोठी चूक."

मी मान हलवली. आम्ही तिघीजणींनी सत्तर सालानंतर नाहूरच्या बंद तबेल्यात हे काम सुरू केलं, तेव्हापासून मी अशीच मान हलवते आहे.

गोष्टीतलं तुमचं एक बोलणं मी गाळते. तुम्ही ओट्यावर बसून आरीने भोकं पाडताय. "आठ कशाला?" मी विचारते. "वाढतलो तो," तुम्ही म्हणता, "म्हयन्याक एक भोक सैल कर. ह्यां काम तुजां. इसरू नको."

मी विसरले. तो रोज माझ्या हातची भाकरी खायचा, मी डोक्यावरून हात फिरवायची, मानेवरून कधी नाही. केस वाढले, पट्टा केसांत गेला. वास यायला लागला तेव्हा वाटलं, गटारात लोळला असेल. मग पहिल्या पाळीवरून आल्यावर एका दुपारी तुम्ही वाकून त्याच्या मानेवरचे केस बाजूला केलेत. "चेडवा," तुम्ही मला म्हणालात, "हेका दुखता गे." आवाजात राग नव्हता. पट्टा मानेत रुतला होता. बक्कल निघेना, म्हणून सुरीने पट्टा कापलात, हळद आणि खोबरेल लावलंत, आणि जखम भरेपर्यंत पोटाभोवती दोरी घेऊन त्याला दाराशी बांधलंत. सकाळी दोरी चावून तो रोजच्यासारखा माझ्या मागे शाळेच्या रस्त्याला लागला असणार. मी मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी सगळ्या चाळीसमोर मी तुमच्यावर ओरडले, "तुम्ही पट्टा काढलात म्हणून गेला तो!" शेजारची काकू म्हणाली, "गो बाय, बापाशीक असां बोलतत?" तुमचे हात साबणाने भरलेले होते. माझ्याकडे एकदा पाहून तुम्ही म्हणालात, "व्हय. चुकलां माजां." दुसऱ्या दिवशी खाडा करून कोंडवाड्यात जाऊन रिकाम्या हातांनी आलात आणि जेवायला बसलात. पुढे कित्येक महिने नळावरचे पुरुष तुम्हाला हसायचे, "पट्टो घालून भायेर जा हां, गाडी येतली!" तुम्हीही हसायचात. एकदा तरी तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायला हवं होतं. तीन वर्षांनी तुम्ही गेलात, छातीच्या दुखण्याने, मी कॉलेजात असताना.

आता दर रविवारी आम्ही भांडुपपासून मुलुंडपर्यंत फिरतो. लोक प्रेमाने पिल्लांना पट्टे बांधतात आणि विसरतात. मी प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघते. माझी जुनी मैत्रीण लांबूनच ओरडते, "आली बघा कुत्र्यांची शिंपीण, गळ्याची मापं घ्यायला!" हे माप मी कुठे शिकले, ते तिलाही मी सांगितलेलं नाही.

कापलेला पट्टा तुम्ही खिळ्याला टांगून ठेवला होतात. तो आता माझ्याकडे एका डब्यात आहे. हे पत्र त्याच डब्यात ठेवणार आहे. नवी मुलगी पुढच्या रविवारी येईन म्हणाली आहे. तिला खरं सांगेन असं लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं नको. मला माहीत नाही. पट्ट्यावरचं पहिलं भोक बकलाने घासून लांबट झालं आहे. पुढची सात तुम्ही पाडलीत तशीच आहेत, गोल.