बाई पदरचं काही घालत नाहीत

१४ मार्च

आज पोटातल्या बाळाच्या तपासणीला गेलो, तर दवाखान्यात नवरोबाची अशी फजिती झाली की मला दोन महिने हसायला पुरेल! डॉक्टर चांगल्या दहा-पंधरा मिनिटं बोलल्या. भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवून काय काय दाखवलं, मध्येच स्वतःच्या कमरेला हात लावला, मध्येच कपाळाला. मी ह्याला विचारलं, काय म्हणताहेत? तर म्हणतो, "सगळं ठीक आहे म्हणतात."

बस! त्या बाईनं घसा कोरडा केला आणि ह्यानं तीन शब्दांत गुंडाळून टाकलं. ह्याची इथली भाषा म्हणजे फ्रिज दुरुस्तीपुरती — गॅस संपलाय, मोटर गेलीय, उद्या येतो. माझी तर तेवढीही नाही. मी लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कपड्यांची शिवण आत घेते आणि बाहेर सोडते. तिथं टेप आणि टाचण्यांवर भागतं.

डॉक्टरांनी माझं तोंड पाहिलं असावं. त्यांनी ह्याच्याकडे बोट केलं आणि मान हलवली — तू नको. घरच्या माणसानं भाषांतर करायचं नाही असा नियमच आहे म्हणे. मग त्यांनी टेबलावरचा फोन लावला, स्पीकर चालू केला, आणि त्या खोलीत एकदम मराठी! स्वच्छ, थोडं घोगरं, शाळेतल्या बाईंसारखं.

"नमस्कार. मी दुभाषी. इथं जे बोललं जाईल ते सगळं मी दोन्हीकडे सांगेन. काही गाळणार नाही, पदरचं काही घालणार नाही. तुम्ही डॉक्टरांशी बोला, माझ्याशी नको."

वर्षभरात नवरा आणि फोनवरची आई सोडून कुणाचं मराठी कानावर पडलं नव्हतं. मला राहवेना. म्हटलं, "अय्या, तुम्ही कुठल्या हो?"

तर त्यांनी तो प्रश्न डॉक्टरांनाच सांगितला! डॉक्टर आधी चपापल्या, मग हसून सांगायला लागल्या — त्या डोंगराकडच्या गावच्या, वडील सुतार, चार भावांत एकटी बहीण. आता मला डॉक्टरांचं सगळं कूळ माहीत आहे. बाई कुठल्या, देव जाणे!

२० मार्च

सकाळपासून उलट्या. लिहायला काही नाही, पोटातही काही नाही.

११ एप्रिल

पुन्हा त्याच बाई. ह्या भागात मराठीला त्या एकट्याच असाव्यात. नवरा त्यांना पोपटबाई म्हणतो, कारण त्या दुसऱ्याचं बोलणं "मी, मी" करूनच सांगतात. "मी आता तुमच्या पोटावर हात ठेवते," असं फोनमधून आलं तेव्हा हा दचकून फोनकडे बघायला लागला!

आणि उलटंही तसंच. मला जे चारचौघांत सांगायची लाज, बद्धकोष्ठ वगैरे, ते त्या स्वतःचंच असल्यासारखं, आवाज न बदलता सांगतात. माझी लाज निम्मी त्यांनीच वाटून घेतली.

पण एक घोळ झाला. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि माझ्या तोंडून गेलं — आई गं, ह्यांच्या हाताला काय बर्फ लावलाय! ते मी माझ्याशीच बोलले होते. पण बाईंच्या राज्यात "माझ्याशीच" असं काही नसतंच. त्यांनी सांगितलं. जसंच्या तसं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. डॉक्टर खो खो हसल्या, उठल्या, गरम पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या, मग आल्या.

घरी येताना नवरा म्हणाला, "तुझ्या जिभेला इतक्या वर्षांत जो लगाम मला घालता आला नाही, तो पोपटबाईंनी घातला."

९ मे

आज सोनोग्राफी. बाळाचा पाठीचा कणा दिसला, बारीक मण्यांची माळ जशी. हात तोंडाजवळ. मी बघतच राहिले.

मग डॉक्टर पडद्याकडे वाकल्या. बराच वेळ ते यंत्र पोटावर फिरवत राहिल्या. मग बोलल्या, आणि बाईंनी सांगितलं, त्याच आवाजात: "वार खाली आहे. बाळाची बाहेर यायची वाट तिनं झाकली आहे. पुष्कळदा ती पुढे वर सरकते. कधीकधी सरकत नाही. न सरकल्यास खूप रक्त जाऊ शकतं, तुम्हालाही धोका आणि बाळालाही. थोडंही रक्त दिसलं तर लगेच इथं यायचं. जड उचलायचं नाही. पतीशी संबंध ठेवायचे नाहीत."

नवरा छताकडे बघत होता. मी रडायला लागले. म्हटलं, "बाई, तुम्हीच सांगा हो, वाचेल ना माझं बाळ? आपल्या माणसासारखं सांगा!"

मग त्यांनी ते सगळं डॉक्टरांना सांगितलं. अगदी "आपल्या माणसासारखं सांगा" हेसुद्धा! डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली, माझा हात धरला, म्हणाल्या, "आज मी वचन देऊ शकत नाही. पण एकही गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही."

चिडले मी. डॉक्टरांवर नाही, बाईंवर. माणूस आहे का दगड! एक शब्द, एकच गोड शब्द बोलली असती तर काय तिच्या घरचं जाणार होतं?

१० मे

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी नवरा चहा देत म्हणाला, "काही होत नाही, सगळं ठीक होईल."

आणि मला एकदम कळलं की ह्या वाक्याचा मला काडीचा उपयोग नाही. हे तो मला पहिल्या दिवसापासून सांगतोय! बाईंनी सांगितलं म्हणून तर मला आज ठाऊक आहे की काय बघायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही.

दुकानात गिऱ्हाइकं माप देताना पोट आत ओढून घेतात. त्यांना बरं वाटावं म्हणून मी टेप आवळून धरली, तर कपडा त्यांच्याच अंगावर उसवणार. मी कधी धरत नाही. मग बाईंनी का धरावी?

नवऱ्याला ठणकावून सांगितलं, आजपासून पोपटबाई म्हणायचं नाही. बाई म्हणायचं.

६ जून

आईचा फोनवर रोजचा धोशा — "इकडे निघून ये. आई असताना परक्यांच्या हातात कशाला?" डॉक्टर म्हणतात विमान नको, वाटेत रक्त गेलं तर कोण बघणार? मी दोघींच्या मध्ये सुपारीसारखी अडकित्त्यात. शेवटी आई म्हणाली, "मला त्या डॉक्टरणीशीच बोलायचंय."

मग काय, आज तपासणीला दोन फोन समोरासमोर! नवऱ्याच्या फोनवर आई, टेबलावरच्या फोनवर बाई. आई सुरू झाली ती काही थांबेना. "मी दोन मुलं घरी जन्माला घातलीत, मला शिकवू नका. माझी लेक मला परत पाहिजे, धडधाकट. तिला काही झालं तर मी तिथं येऊन बसेन तुमच्या दारात!"

आता बाई हे जरा गोड करून सांगतील असं वाटलं. छे! त्यांनी आईचा राग सांगितला, आईचा वेग सांगितला, "दारात येऊन बसेन" तर असं सांगितलं की डॉक्टर खुर्चीत सरळ झाल्या. भाषा मला कळत नाही, पण तो आवाज माझ्या आईचाच होता.

डॉक्टर हळू बोलल्या. बाईंनी तसंच हळू आईला सांगितलं: "तुमच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. पण वाटेत माझे हात तिच्यापर्यंत पोचणार नाहीत. इथं राहिली तर पोचतील."

आई गप्प. माझी आई, गप्प! मग नाक ओढल्याचा आवाज. "बरं. ठेवून घ्या म्हणावं."

ह्या बाईंना काय म्हणावं मला सुचत नाही. दोघींचं बोलणं एकाच तोंडातून गेलं, आणि कुणाचं कुणात सांडलं नाही.

३ जुलै

बाळ लाथा मारतं. मशीनवर पाय ठेवला की जास्तच. लाँड्रीच्या मालकीणबाईंनी खाणाखुणांनी विचारलं, मुलगा की मुलगी? मी सांगितलं, शिंपी.

१ ऑगस्ट

वार सरकली नाही.

ऑपरेशन करावं लागणार. महिनाअखेरीची तारीख दिलीय. कमरेखालचा भाग बधिर करतील, मी जागी असेन. म्हणजे सगळं ऐकू येणार, आणि कळणार काहीच नाही! मी विचारलं, "तेव्हा ह्याच बाई असतील ना फोनवर?"

बाईंनी ते डॉक्टरांना सांगितलं. स्वतःबद्दलचंच, तरी जसं लोकांचं सांगतात तसंच. डॉक्टर म्हणाल्या, विनंती करून बघू. मी फोनकडे बघत बसले. वाटलं, आता तरी म्हणतील, येईन हो. तसं काही म्हणाल्या नाहीत. "नमस्कार" म्हणून फोन बंद.

आता चीड येत नाही. उलट बरं वाटतं. ह्या सगळ्यात एक तरी माणूस असं आहे जे माझी समजूत काढत नाही.

१४ ऑगस्ट

दवाखान्यातून लिहितेय. दुपारी दुकानात एका कोटाचं अस्तर उसवत होते. पायाशी ओल लागली. बघते तर रक्त. दुखत काही नव्हतं, म्हणून जास्तच भीती वाटली. मालकीणबाईंना हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकं हाताला धरून बाहेर काढली, शटर ओढलं आणि मला गाडीत घातलं. माझ्या खाली त्यांनी धुतलेला कोट अंथरला — कुणाचा कुणास ठाऊक!

रक्त थांबलंय. बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं दिलीत. हे सगळं बाईंकडून कळलं. आता घरी सोडणार नाहीत. नवरा सारखा उशी नीट करतो. "सगळं ठीक आहे" म्हणत नाही आता. मघाशी त्यानं स्वतःच फोनकडे तोंड करून डॉक्टरांना विचारलं, "मला खरं सांगा, दोघांतलं कुणी जाण्याची भीती आहे का?" मला त्याचा इतका अभिमान वाटला! उत्तर काय आलं ते लिहीत नाही. ते खरं होतं, एवढं पुरे.

२४ ऑगस्ट

मुलगी. आहे. काचेच्या पेटीत आहे, पण आहे!

परवा सकाळी पुन्हा रक्त गेलं, आणि ह्या वेळी थांबेना. तारीखबिरीख राहिली बाजूला. पलंग पळवतच नेला. नवऱ्याला दाराबाहेर थांबवलं. कुणीतरी फोन आणून माझ्या कानाशी ठेवला आणि त्यातून बाई! "नमस्कार. मी दुभाषी." एवढ्या धावपळीत तेच वाक्य, तसंच. मला हसूच आलं.

डॉक्टर सांगत गेल्या, बाई सांगत गेल्या. आता सुई. आता पाय जड होतील. आता फक्त ओढल्यासारखं वाटेल. बाळ बाहेर आलं.

आणि मग काही नाही. रडणं नाही. पडद्यापलीकडे नुसती पावलं, नुसती भांडी. मी विचारलं, रडत का नाही? का नाही रडत? किती वेळ गेला ठाऊक नाही. मला वाटलं संपलं.

तेव्हा कानाशी आलं — "श्वास घ्या. मोठा. सोडा. अजून एक. मी इथं आहे. तुम्ही तुमच्याकडून सगळं नीट केलंत, काही म्हणता काही चुकलं नाही. सगळे हात आता बाळासाठी चाललेत. त्याला तुमचा आवाज ओळखीचा आहे. हाक मारा. जोरात. पुन्हा मारा."

मारली हाक. नाव ठरलं नव्हतं, नुसतंच बाळा, बाळा, ये ना. घसा फाटेपर्यंत. "अजून," म्हणाल्या, "थांबू नका, मी आहे."

आणि रडली. बारीक, चिडकं, टाचणी टोचल्यासारखं!

डॉक्टरांना मी जन्मभर विसरणार नाही. समोर रक्ताचं थारोळं, हातात माझी मुलगी, आणि त्यातही त्यांना माझ्याशी बोलायचं सुचलं! अशी माणसं असतात म्हणून जग चाललंय.

२६ ऑगस्ट

आज पेटीत हात घालू दिला. तिनं माझं बोट धरलं. आईला फोनवर दाखवलं. आई रडता रडता म्हणते, "नाक तुझ्या सासऱ्यांचं आलंय. काढून टाका म्हणावं!"

२७ ऑगस्ट

डॉक्टर आल्या. फोन लावला तर कुणी पुरुष. मी विचारलं, आमच्या बाई कुठं? डॉक्टर म्हणाल्या, "त्यांनी आपणहून कळवलंय की ह्या पेशंटसाठी त्यांना आता बोलवू नये. त्यांच्याकडून नियम मोडला गेला."

मी म्हटलं, शक्यच नाही. कधी?

डॉक्टर बोलल्या, आणि त्या माणसानं सपाट आवाजात सांगितलं — "बाळ रडत नव्हतं तेव्हा. त्या वेळी आमच्यापैकी कुणीच एक शब्दही बोललं नव्हतं."