दर्यापूरच्या माणसाचं रक्त

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

आज प्रयोगशाळेत दर्यापूरच्या एका माणसाचं रक्त आलं. ट्रॅक्टर उलटून त्याची मांडी चिरडली होती. नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. मोठ्या जखमेनंतर रक्त गोठायचं का थांबतं, हेच मी इतकी वर्षं शोधतेय. पण मला नळ्या दिसतात, माणसं नाही.

आज त्याची बायकोच दारात आली. "मॅडम, तुमीच त्यायचं रक्त पाहून राहिल्या न? थांबन का ते?"

"डॉक्टर सांगतील," एवढंच बोलले. ती बाहेर बाकावर बसून राहिली.

रक्त गोठवणारे घटक असलेला प्लाझ्मा त्याला दिल्यावर दुसरा नमुना आला. नळी तिरपी केली. रक्त जागचं हललं नाही! वॉर्डात फोन केला; तिकडेही रक्तस्राव थांबला होता. मी धावत बाहेर गेले. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता जा मॅडम, घरचे वाट पाहून राहिले असतीन."

मी "हो" म्हणाले. का म्हणाले? अमरावतीचं घर आईनंतर बंदच आहे. इथे जठारपेठेत मी एकटी. आज एक माणूस वाचला, हे सांगायला कोणी नाही, म्हणून लिहितेय.