आतूनसुद्धा काळ्या तबकडीचे गुणदोष

मेढा, १९७९

तीर्थस्वरूप दाजींना,

नाथाजीचा दंडवत. आक्काची कंबर आता कशी आहे? गोदीतल्या दगदगीत वेळेवर जेवता ना? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. (हे वाक्य उगाच लिहिलेले नाही, पुढे कळेल.)

बोटीवरच्या खलाशाकडून मिळवून धाडलेली ती दोघा गोऱ्यांची रेकॉर्ड कशी वाटली, असे विचारलेत. मी लग्नाकार्यात कर्णे लावण्याचा धंदा करतो म्हणून मला कान आहेत असे तुम्ही समजता, हा तुमचा मोठेपणा. त्या दोघांची आधीची रेकॉर्ड म्हणजे जत्रेतला पाळणा होता. तबकड्या सगळ्याच काळ्या असतात, पण ही आतूनसुद्धा काळी. गुण असा की एक गाणारा आणि एक विजेच्या पेटीवरचा (तिला सिंथेसायझर म्हणतात म्हणे), एवढ्या दोघांत अख्ख्या बँडपार्टीचे काम होते आणि कुणाला दम लागत नाही. पहिल्या बाजूचे दुसरे गाणे ऐकून तर मी, खोटे कशाला सांगू, ओसरीवर बसून तेच पुन्हा लावले. इतके एकटे मला घरच्या माणसांत असताना कधी वाटले नव्हते. दोष असा की ठोका एकदा धरला की सोडत नाहीत, आणि चौथे गाणे तर संपवायलाच विसरलेत. सर्वांत मोठा दोष दुसऱ्या बाजूला आहे. ती बाजू मी आधी ऐकली नव्हती.

आपल्या धाकट्या बहिणीची, हरणाची, सुपारी फोडायला तासगावची मंडळी यायची होती. वडील म्हणाले, काहीतरी नवीन लाव, आपण डोंगरातले अडाणी नाही हे कळू दे त्यांना. मी आंब्याला कर्णा बांधला, दुसरी बाजू लावली आणि पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेलो. मागे त्या विजेच्या पेटीतून असा हंबरडा फुटला (मध्येच घंटा, पुन्हा हंबरडा) की ओढ्यापलीकडच्या वाडीपर्यंत बातमी पोचली, बनुआत्या गेली. (नव्वदीची आत्या कित्येक वर्षे उंबरा सोडून कुठे गेलेली नाही, तेव्हा लोकांचा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.) पाहुण्यांना घेऊन येतो तर अंगण माणसांनी भरलेले. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणी फडक्यात भाकरी-पिठले बांधून आलेल्या. शेजारची दगडाबाई ऊर बडवत म्हणतेय, "बने, कशी गं गेलीस!" आत्याला ऐकू कमी. तिने उंबऱ्यावरूनच विचारले, "आगं, कोन गेलं?" आणि उत्तराची वाट न बघता तीही रडू लागली.

मुलाचे मामा आकाराम यांनी टोपी काढली. रेकॉर्ड आहे, रेकॉर्ड आहे, असे मी घसा फोडून सांगितले. ते म्हणाले, "आरं, यंत्रात कोन रडतंय व्हय? सुतक लपवून सुपारी फोडाय निगालाय!" आत्या दाखवली तर म्हणाले, "ही कुनाची म्हातारी आनून बसवली?" आले तसे परत गेले. रविवारी निरोप धाडतो म्हणालेत, आणि तो काय असणार हे शेंबडे पोरही सांगेल. हरणाच्या मनात तो मुलगा भरला आहे, दाजी. ती कुणाशी बोलत नाही, माझ्याशी तर नाहीच.

आक्काला नमस्कार, पोरांना पापा.

तुमचा,
नाथाजी

ता. क. खरे काम राहिलेच. मामांना वाजवून दाखवायच्या आत वडिलांनी ती रेकॉर्ड चुलीत घातली. (जळताना आलेला वास हा तिचा आणखी एक दोष.) आता तशीच दुसरी घेऊन रविवारच्या आत तासगावला या. मामांना एकदा ऐकवली की त्यांची खात्री पटेल. हात जोडतो, नाही म्हणू नका.

पुन्हा ता. क. रेकॉर्ड राहू द्या. पाकीट चिकटवत होतो तोवर उंबरा रिकामा दिसला. दगडाबाई सांगते, आत्या नवे लुगडे नेसून एकटीच साताऱ्याच्या एसटीत बसली. "तासगावला जाती. मी मेली न्हाई, ह्ये माज्या तोंडानं सांगून येती," म्हणाली. मी तिच्या मागे निघालोय. तुम्ही फक्त देवापुढे बसा. वाटेत म्हातारीला काही झाले तर आमच्या जिवाला घोर लागेलच, पण तासगावकर म्हणतील, "आमी सांगत न्हवतो?"