चमच्याने बियरचा न्याय होत नाही

मु. चिखली, चैत्र वद्य ५, शके १८५६

राजेश्री वामनराव, मुक्काम जळगाव जामोद, यांना चिखलीहून तुमच्या मेहुण्याचा, उकंडरावाचा, दोन्ही हात जोडून रामराम.

इकडे मी धड आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधलं की नाही? गहू घरात आला असेल. यंदा तिकडे सातपुड्याकडून वारं फार सुटलं म्हणतात, तेव्हा आंब्याचा मोहोर किती टिकला तेही कळवा. वहिनींना नमस्कार. पण वामनराव, ख्यालीखुशाली लिहायला आज हात धजत नाही. माझ्यावर धडधडीत अन्याय झाला आहे आणि सारी चिखली त्याला हसते आहे. तुमच्या कानावर भलतंसलतं आलंच असेल. (आलं नसेल तर जळगावची माणसं सुधारली म्हणायची.) खरी हकिकत तुम्हाला माझ्या तोंडूनच कळावी म्हणून हा कागद.

तुम्हाला ठाऊक आहे, मी तीस वर्षं आबकारी खात्यात काढली आणि दरोगा म्हणून बाहेर पडलो. मेहकरपासून वरवट बकालपर्यंत मोहाच्या दारूचं असं भांडं नसेल ज्यात माझं बोट बुडालं नाही. पण प्यायलो का? कधीच नाही. चाखली. पिणारा स्वतःसाठी पितो, चाखणारा सरकारसाठी चाखतो. हा फरक ज्याला कळत नाही त्याने माझ्याशी बोलूच नये. (सध्या चिखलीत माझ्याशी कोणी बोलत नाही, ते वेगळं.)

तर झालं असं. आमच्या इथल्या सज्जनरंजन क्लबात नवे डेप्युटी कमिशनर साहेब चहाला यायचे ठरले. साहेब गोरा, उन्हाळा वऱ्हाडातला, म्हणजे नुसत्या चहावर भागणार नाही, बियर पाहिजे, असं क्लबाचे अध्यक्ष अर्जुनराव वकील यांच्या डोक्यात आलं. खामगावच्या एका सौदागराने तीन छापांच्या सहा-सहा बाटल्या नमुना म्हणून धाडल्या: जहाजछाप, घोडाछाप आणि घंटाछाप. यांतली उत्तम कोणती ते ठरवायला दोन पंच नेमले, एक खुद्द अर्जुनराव आणि दुसरा मी. रीतसर चिठ्ठी आली होती, 'आपल्या अनुभवाचा लाभ व्हावा' म्हणून. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर ती आधी दाखवीन.

शनिवारी दुपारी तीनला क्लबाच्या ओसरीवर बसलो. अर्जुनराव आले ते घरून औषधाचा चमचा घेऊन! प्रत्येक बाटलीतला एकेक चमचा जिभेवर टाकला, ओकारी आल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाले, "तिन्ही सारख्याच कडू आहेत, दरोगासाहेब. घ्या कोणतीही. मले झोप येऊन राह्यली." आणि गेले की हो घरी निजायला! हा माणूस कोर्टात एका बांधाच्या वादासाठी सतरा साक्षीदार उभे करतो, आणि इथे तीन चमच्यांत तीन बियरींचा निकाल! खोकल्याचं औषधसुद्धा दिवसातून तीनदा घ्यावं लागतं तेव्हा गुण कळतो. मी तापलो. म्हटलं, तुम्ही न्याय टाकून गेलात, पण मी टाकणार नाही.

आता तुम्हीच निवाडा करा. मुलगी बघायला गेलो तर उंबऱ्यावरून तोंड बघून परत येतो का? बसतो, पोहे खातो, पाणी मागतो, तिला दोन प्रश्न विचारतो. बियरचंही तसंच आहे. पहिला पेला निव्वळ ओळखीचा, त्यात जीभच दचकलेली असते. दुसऱ्यात जीभ सावरते, पण मन पहिल्याचा राग धरून असतं. खरं मत येतं तिसऱ्या पेल्याला. म्हणजे तीन छापांचे नऊ पेले झाले. यात मी कुठे जास्त केलं? पण गोष्ट इथे संपत नाही. जहाजाच्या मागून घोडा घेतला तर घोडा कडू लागतो, घोड्याच्या मागून जहाज घेतलं तर जहाज फिकं लागतं. मग कोणी आधी यायचं? शेजारापायी एखाद्याची बदनामी होऊ नये म्हणून उलटसुलट क्रम लावून पाहावाच लागतो. तो मी लावला. प्रत्येक पेल्यामागे कागदावर टिपण केलं. पहिल्या टिपणांत माझं अक्षर पाहा, मोत्यासारखं आहे: 'जहाज: सभ्य, पण घरात शब्द चालत नसावा. घोडा: उद्धट, मनाने वाईट नाही. घंटा: गोड बोलून गळा कापणारा.' पुढच्या टिपणांचं अक्षर थोडं मोठं आलं आहे, कारण ऊन उतरायला लागलं होतं. शेवटच्या टिपणात फक्त 'जहाज माझा सख्खा भाऊ' एवढंच आहे. ते मी कोणत्या अर्थाने लिहिलं हे आता आठवत नाही, पण भावना प्रामाणिक होती.

क्लबाचा म्हातारा गडी कडूबा पेले विसळून कंटाळला. म्हणाला, "साहेब, आता काऊन पिऊन राह्यले? झालं ना चाखणं!" मी म्हटलं, "कडूबा, बे, मी पिऊन राह्यलो नाही, निकाल लिहून राह्यलो." त्यावर त्याने पुढचा पेला विसळून दिला. (चांगला माणूस. पुढे त्याने क्लबापुढे माझ्याविरुद्ध साक्ष दिली ती भीतीने दिली.)

एवढ्यात साहेबांच्या कचेरीतले शिरस्तेदार पंजाबराव चहाची तयारी बघायला आले. डोक्याला नवाकोरा गुलाबी फेटा, बोटाला अंगठी, चेहऱ्यावर साहेबाहून अधिक साहेबी. त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की माझ्या साऱ्या परीक्षेत एक मोठी खोट राहिली आहे: मला बाटल्यांवरच्या छापाच्या चिठ्ठ्या दिसत होत्या! चिठ्ठी बघून चाखणं म्हणजे आडनाव विचारून गुण देणं. बाटल्या झाकायला लांब कापड पाहिजे होतं. क्लबात टेबलक्लॉथ दोन वीत, माझं धोतर मला लागणार. मी शिरस्तेदारांना अत्यंत नम्रपणे म्हणालो, "न्यायाच्या कामासाठी आपला फेटा हवा." ते म्हणाले, "काय?" आता 'काय' म्हणणं म्हणजे 'नाही' म्हणणं नव्हे. मी फेटा काढून घेतला. सात हात निघाला. तिन्ही बाटल्यांना बांधून पुन्हा चाखलं, आणि वामनराव, या जिभेने त्या फेट्याखालून ओळखलं की घोडा आणि घंटा ही एकच बियर आहे! एकाच पिपातली! मी खुर्चीवर उभा राहून तसं जाहीर केलं. टाळ्या पडायला हव्या होत्या. पडलो मी, कारण खुर्चीचा एक पाय आखूड होता.

त्यानंतर मला बैलांच्या दमणीत घालून, भर बाजारच्या दिवशी, भाजीवाल्यांच्या मधून घरी आणलं. उकंडराव दरोगा पिऊन पडला, असं ओरडणारा तुळशीराम तेली, ज्याच्या गावठी भट्टीवर मी तीनदा छापा घातला, त्याला तो दिवस दिवाळीसारखा गेला. घरी काय झालं ते इथे लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी क्लबाचा कागद आला: 'आपले नाव सभासदांतून कमी केले आहे.' शिरस्तेदारांचा फेटा धोब्याकडून धुऊन पाठवला, तर तोही परत आला, वास जात नाही म्हणून.

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. मोटरीने खामगावला गेलो आणि त्या सौदागराला दुकानातच धरलं. तो हसून म्हणाला, "दरोगासाहेब, खरं हाय. घोडा आन घंटा एकच माल. दोन दुकानांसाठी दोन चिठ्ठ्या." तसं त्याच्याकडून लिहून घेतलं आणि क्लबापुढे ठेवलं. मग काय झालं? क्लबाने ठराव केला. आभाराचा! कोणाचे आभार? अर्जुनराव वकिलांचे! 'अध्यक्षांनी केवळ एका चमच्यात माल सारखा असल्याचे ओळखले.' ज्याने झोपेपायी तिन्ही सारख्या म्हटल्या त्याला हार, आणि ज्याने अंग झिजवून दोन सारख्या सिद्ध केल्या त्याला हाकललं! आणि साहेब? साहेब आले, म्हणाले, मी दारूला शिवत नाही, आणि दोन पेले ताक पिऊन गेले.

असो. गुडघ्याला जपा. लहानांना आशीर्वाद.

आपला, अपमानित पण निर्दोष,
उकंडराव

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. तुमची बहीण सौ. अन्नपूर्णा तुमच्याकडे येऊन आज नववा दिवस. त्या संध्याकाळी ती रागावली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "तीस वर्सं असंच चाखत होते का जी?" आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. मी एवढं लिहिलं ते तिला तुम्ही वाचून दाखवावं म्हणून. थोरल्या भावाचा शब्द ती मोडत नाही. समजूत घालून मोटरीत बसवून द्या.

ता. क. २. हा भाग मात्र तुमच्यापुरता, तिला वाचून दाखवू नका. बियर गार राहावी म्हणून मी बाटल्या पाण्याच्या बादलीत ठेवल्या होत्या. पहिली घंटाछाप बाहेर काढली तर तिची चिठ्ठी सुटून हातात आली, आणि खाली घोड्याची चिठ्ठी चिकटलेली. म्हणजे कळायचं ते मला पहिल्याच बाटलीला कळलं होतं. जीभही तसंच म्हणते का, एवढंच पाहायला पुढचे पेले घेतले. जीभ तसं म्हणाली नाही. फेट्याखालून चाखलं तेव्हा चवीत घोडा पहिला आला आणि घंटा शेवटचा. तीस वर्षं सरकारने या जिभेवर भरवसा ठेवला, याचा आता विचार करवत नाही.

ता. क. ३. पाकीट डकवत होतो, तेवढ्यात जळगावहून आलेल्या माणसाने सांगितलं की तुमचा चष्मा फुटला आहे आणि आलेलं टपाल अन्नपूर्णाच वाचून दाखवते. मीच तिला अक्षरं शिकवली. पत्र फाडायला घेतलं होतं, फाडलं नाही.

अन्नपूर्णा, म्हैस मला जवळ येऊ देत नाही. काल तुझं लुगडं गुंडाळून धारेला बसलो, तिने आधी हुंगलं आणि मग लाथ घातली. रोज सकाळच्या मोटरीला मी अड्ड्यावर जाऊन उभा राहतो. लोकांना वाटतं, पेपर घ्यायला येतो. त्यांना तसंच वाटू दे.