वीत आणि चार बोटं

३ मार्च

कॉन्व्हेंट शाळेत पृथ्वीगोल पुसायचं काम आम्हा दोघी बहिणींकडे असे. भूगोलाच्या मदरनी निळा दोरा दिला होता. दोन शहरांवर धरायचा, ताणायचा, मोजायचा. नकाशावरची रेघ फसवते, ताणलेला दोरा खरं बोलतो, असं त्या म्हणत. धाकटीनं आपल्या गावापासून पार पलीकडच्या शहरापर्यंत दोरा लावला होता. "ताई, वीत आणि चार बोटं. एवढंच!"

पुढे तिथंच जाऊन राहिली. विमानानं सोळा तास.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मात्र — "ताई, अंतर किती आहे, तुला कल्पना तरी आहे का?" चार वर्षं मी आईची कूस बदलत होते आणि ही अंतर मोजत होती.

आता येतेय. आईला जाऊन दोन महिने झाल्यावर. "आईची एखादी वस्तू जवळ हवी ग."

येऊ दे.

६ मार्च

आईचं शिवणयंत्र शेजारच्या शिंपीणबाईंना दिलं. "अहो, धाकट्या बाईंना विचारलंत का?" म्हटलं, "तिला इकडचा रस्ता लांब पडतो."

शाल आईला सांभाळणाऱ्या बाईंना. धाकटीनंच पाठवलेली, घडीसुद्धा न मोडलेली. बाई बिचाऱ्या हरखून गेल्या.

८ मार्च

तिचं विमान सुटलं. पलंग, आरामखुर्ची, चष्म्याचं घर, फण्या — सगळं बाहेर. सोळा तासांत खोली झाडूनसुद्धा झाली.

९ मार्च

आली. केस पांढरे झालेत. रिकाम्या खोलीत उभी राहिली. "काहीच नाही ठेवलंस?"

"चार वर्षांत तू काय ठेवलंस?" हे वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं. नीट बसलं.

मग म्हणाली, "ताई, आई गेली त्या दिवशी मी विमानतळावरूनच फोन केला होता. सोळा तास थांब म्हटलं होतं. मी विमानात बसण्याआधीच तू अग्नी दिलास."

"आईनं चार वर्षं वाट पाहिली. मेल्यावरही तिला ताटकळत ठेवायचं होतं का?"

तिनं चहाचा कप विसळून पालथा घातला. लहानपणापासूनची सवय.

१२ मार्च

गेली. रिकाम्या हातानं.

जिंकले म्हणायचं. पण जेवण गेलं नाही.

१३ मार्च

इथं तरी खरं लिहावं. शवागारातला माणूस म्हणाला होता, "बाई, दोन दिवससुद्धा ठेवता येईल. बहीण येतेय ना?"

मी म्हटलं, "कुणी येत नाहीये."

१४ मार्च

माझ्यामागे —

पुस्तकं वाचनालयाला. भांडी शिंपीणबाईंना. शाळेनं मोडीत काढलेला पृथ्वीगोल कपाटावर आहे, तो ज्या घरात मूल असेल त्यांना. त्याला गुंडाळलेला निळा दोरा मात्र काढून ठेवा.

तो धाकटीला. आणि सोळा तास.

तोवर मला हलवायचं नाही. सतरावा लागला, तर तिच्यासाठी थांबू नका.