पिवळ्या फॉर्मवरील 'नाही' हे उत्तर मुलीचे नसून वडिलांचे आहे, अशी नोंद होऊन मिळणेबाबत

दिनांक : १८ नोव्हेंबर १९९१

प्रति,
मा. प्रमुख,
प्रवासी आरोग्य तपासणी कक्ष,
आंतरराष्ट्रीय विमानतळ.

विषय : दिनांक ११ मे रोजी भरून दिलेल्या आरोग्य फॉर्ममधील प्रश्न क्र. ३ च्या उत्तराची जबाबदारी अर्जदाराच्या नावे लावून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे, तिन्ही नकारार्थी.

महोदय,

१. अर्जदार वाल्दिर मासाओ तोकुमारु, वय ३९, मूळचा ब्राझीलमधील पारा राज्यातील मिरीचा बागायतदार, सध्या येथील ब्रेकच्या कारखान्यात कामगार, आपणांस चौथ्यांदा तसदी देत आहे. मागील तीन अर्ज कारखान्याचे दुभाषी श्री. इशिमुरा यांनी लिहिले होते. हा अर्ज अर्जदाराने स्वहस्ते, जपानीत लिहिला आहे. अक्षर पहिलीतल्या मुलासारखे आहे, ते पदरात घ्यावे. त्याचे कारण कलम ६ मध्ये येईल.

२. वस्तुस्थिती अशी, की वेलींची मुळे कुजून बाग गेल्यावर अर्जदार, पत्नी इवोनी, मुलगी साचिको (वय १३) व मुलगा तेरुओ (वय ६) हे इतर अकरा जणांसोबत आजोबांच्या देशात, जपानात, कामाला निघाले. दोन ठिकाणी विमान बदलून, एकतीस तासांनी उतरले. शेवटच्या टप्प्यात तेरुला थंडी वाजून ताप भरला. पोराचे दात वाजत होते. आमच्याकडे असा ताप घरोघरी येतो. इवोनीने त्याला पाहताच "हा आपल्या नदीकडचाच ताप आहे" असे म्हटले होते. अर्जदाराने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. माणसे घेऊन येणारा मुकादम विमानातल्या आसनांच्या रांगेतून पुढे आला आणि म्हणाला, "अहो, एकाला अडवलं की पंधराही अडकतील. बस खाली उभी आहे. द्या काहीतरी आणि उतरा." अर्जदाराने उतरण्याच्या तासभर आधी मुलाला दिपिरोना या ताप उतरवणाऱ्या औषधाचे वीस थेंब पाजले. तपासणीच्या काउंटरपर्यंत अंग निवले होते. आपल्या कर्मचारी बाईंनी तेरुच्या गालाला हात लावून तो गोड आहे असे म्हटल्याचे अर्जदारास स्मरते.

३. हे सुचले कुठून, असा प्रश्न आपणांस पडेल. अर्जदाराचे आजोबा साठ वर्षांपूर्वी कोबे बंदरातून बोटीने ब्राझीलला गेले. डोळे आलेल्या माणसाला तेव्हा बोटीवर घेत नसत. आजोबांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी रात्रभर थंड चहाच्या घड्या डोळ्यांवर ठेवल्या, सकाळी डॉक्टरसमोर हसत उभे राहिले आणि निभावले. ही गोष्ट आमच्या घरी दर नववर्षाला मोची, म्हणजे तांदळाचे गोळे, खाताना सांगितली जाते आणि सगळे हसतात. तपासणीवाल्याला चकवणे ही आमच्या घराण्याची अक्कलहुशारी. अर्जदार त्या गोष्टीवर वाढला. आजोबांचा रोग डोळ्यांचा होता, मुलाचा रक्तातला होता, एवढा फरक त्याच्या लक्षात आला नाही.

४. फॉर्म साचिकोने भरला, कारण घरात जपानी लिहिता येणारी ती एकटी. दर शनिवारी आमच्याकडच्या जपानी वसाहतीच्या शाळेत ती अक्षरे शिकली होती. काउंटरवर दोरीला बांधलेले पेन घेऊन ती लिहीत होती. प्रश्न क्र. ३, गेल्या दहा दिवसांत ताप आला आहे काय, येथे ती थांबली व म्हणाली, "बाबा, तेरुचं अंग कढत होतं ना मघाशी. 'हो' लिहू?"

अर्जदार म्हणाला, "'नाही' लिही. आजोबांच्या देशात पहिल्याच पावलाला कुरकुर नको."

तिने लिहिले. हे मूळ प्रकरण.

५. पुढील प्रकार अधिक वाईट आहे, पण तो लपवून अर्ज पुढे जाणार नाही. तिसऱ्या दिवशी मुलास इस्पितळात नेले. डॉक्टरांनी विचारले, येताना विमानात ताप होता काय. साचिकोने प्रश्न अर्जदारास समजावून सांगितला. अर्जदाराच्या मनात आले, की विमानतळावर 'नाही' लिहून दिले आहे, आता 'हो' म्हटले तर दोन कागद एकमेकांविरुद्ध जातील आणि घरदार परत पाठवतील. तो 'नाही' म्हणाला. इवोनीने त्याचा दंड धरला व आपल्या भाषेत म्हणाली, "कागदाला ताप आलाय का पोराला?" तिला अर्जदाराने गप्प केले. साचिकोने डॉक्टरांना 'नाही' सांगितले. डॉक्टरांनी येथे पसरलेल्या सर्दीतापाचे औषध दिले. त्यांचा दोष नाही. जे विचारायचे ते त्यांनी विचारले होते.

तेरु १९ मे रोजी पहाटे वारला. त्यानंतर एका निवृत्त डॉक्टरांना, जे तरुणपणी महायुद्धात दक्षिणेकडच्या हिवतापाच्या बेटांवर होते, त्याचे रक्त काचेवर दाखवले. त्यांनी एका नजरेत हिवताप ओळखला. दुसऱ्या दिवशी साचिकोला ताप भरला. या वेळी औषध तासाभरात मिळाले. ती वाचली. भाऊ आधी गेला म्हणून आपण वाचलो, हे तिला कोणी सांगितले नाही. तिचे तिलाच समजले.

६. आता आपल्या उत्तरांविषयी.

पहिल्या उत्तरात आपण कळवले, की फॉर्ममधील दुरुस्ती प्रवाशाने काउंटर सोडण्यापूर्वीच करावी. वरातीमागून घोडे नकोत हे अर्जदारास मान्य आहे, म्हणून त्याने दुरुस्ती नको, फक्त नोंद हवी, असे पुन्हा लिहिले.

दुसऱ्या उत्तरात आपण कळवले, की नोंदीसाठी संबंधित प्रवाशास काउंटरवर हजर करून त्याचे तापमान घ्यावे लागेल. प्रवासी मयत असल्याचे कळवल्यावर फोनवरून सांगण्यात आले, की प्रवासी स्वतः येऊ शकत नसेल तर तसे कारण दाखवणारा त्याचा सहीचा कागद जोडावा. अर्जदार यावर काही लिहू इच्छित नाही.

सबब अर्जदार सुटी घेऊन श्री. इशिमुरा यांच्यासह समक्ष आला. आपले कारकून श्री. कुरोसे अतिशय सौजन्याने वागले, त्यांनी चहा दिला. फाइल उघडून म्हणाले, "तोकुमारुसान, तुमच्यावर कसलाही ठपका नाही. फॉर्म बिनचूक आहे. एकही रकाना रिकामा नाही."

अर्जदार म्हणाला, "उत्तर खोटं आहे."

"खोटं असेल, पण बिनचूक आहे," ते म्हणाले. मग त्यांनी अक्षराकडे बोट दाखवले. "आणि हे अक्षर मुलीचं आहे. तुम्हाला तर लिहिता येत नाही. मग उत्तर तुमचं कसं?"

तिसऱ्या उत्तरात हेच लेखी आले. अर्जदार निरक्षर असल्याने सदर उत्तर त्याचे मानता येत नाही. ज्या व्यक्तीने लिहिले तिनेच समक्ष येऊन सांगावे. म्हणजे जिच्या डोक्यावरून ओझे उतरवण्यासाठी हा सारा खटाटोप, तिलाच ते उचलून आपल्या दारी आणायला सांगितले. अर्जदाराने तिला ते पत्र दाखवलेले नाही.

त्या दिवसापासून अर्जदार कारखान्यातून आल्यावर अक्षरे गिरवतो. तेरुसाठी शाळेची चौकटीची वही घेतली होती. ताप उतरला की तो इस्पितळात त्यात लिहायचा. पहिले पान त्याचे आहे, पुढची शहाऐंशी अर्जदाराची. तेव्हा अर्जदारास लिहिता येत नाही हे कारण आता उरलेले नाही.

७. एवढ्याशा नोंदीसाठी हा माणूस सहा महिने का लागून राहिला आहे, असे आपल्या कार्यालयास वाटत असावे. साचिको आता कोणत्याही प्रश्नाला 'नाही' म्हणत नाही. भूक आहे का, हो. पोट भरले का, हो. शाळेत खिडकीची काच फुटली, गुरुजींनी तू फोडलीस का असे विचारले, तेव्हाही ती 'हो' म्हणाली आणि आठवडाभर वर्ग झाडत राहिली. त्या दिवशी ती शाळेत गेलेलीच नव्हती. येथील लोकांना मुलगी फार नम्र वाटते. तसे ते इवोनीला कौतुकाने सांगतात आणि इवोनी स्वयंपाकघरात जाऊन रडते.

अर्जदाराने तिला शंभरदा सांगितले, की पोरी, ते 'नाही' माझे होते. ती 'हो' म्हणते. फक्त एकदाच तिने मान वर करून म्हटले, "पण कागदावर अक्षर माझं आहे, बाबा." तोंडच्या शब्दावर तिचा विश्वास का राहावा? तिने बापाच्याच तोंडचा शब्द लिहिला होता. म्हणून कागद हवा आहे, आणि तो शिक्क्याचा हवा आहे.

मागच्या रविवारी शेजारच्या लहान मुलीने खेळता खेळता तिला विचारले, "तुझा भाऊ तुझ्यामुळे मेला का गं?"

साचिको 'हो' म्हणाली. अर्जदार तेव्हा वाळत घातलेले कपडे काढत होता, त्याने आपल्या कानांनी ऐकले.

८. सबब नम्र विनंती, की आपल्या दप्तरी असलेल्या त्या फॉर्मला एक चिठ्ठी जोडावी व तिच्यावर एवढेच लिहून शिक्का मारावा : "प्रश्न क्र. ३ चे उत्तर वडिलांनी दिले. मुलीने 'हो' लिहू का असे विचारले होते." तिची नक्कल अर्जदारास मिळावी. खोटे उत्तर दिल्याबद्दल कायद्यात जी शिक्षा असेल ती अर्जदारास द्यावी. शिक्षा झाल्यास फार बरे होईल, कारण ती कोणाच्या नावे झाली ते कागदावर येईल.

नियमात हे बसत नसल्यास, महोदय, आपणच एकदा हा अर्ज वाचून बाजूला ठेवा आणि आपल्या घरातील लेकराकडे पाहा. मग नियम शोधा.

अर्जदार, अर्जदार असे लिहिण्याची पद्धत श्री. इशिमुरा यांनी शिकवली म्हणून शेवटपर्यंत पाळली. पण सही करताना ती पाळता येत नाही. 'नाही' मी म्हणालो. दोन्ही वेळा मीच म्हणालो.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारा,
वाल्दिर मासाओ तोकुमारु
(स्वहस्ते)

सोबत :
१. तेरुओ तोकुमारु याचा मृत्यूचा दाखला.
२. सरावाची वही. पहिले पान फाडू नये, वही परत मिळावी.
३. आपल्याच कार्यालयाचा कोरा पिवळा फॉर्म, माझ्या अक्षरात भरलेला. प्रवासी : तोकुमारु तेरुओ, वय ६. प्रश्न क्र. ३ : हो.